माठ वाजवून घेतो तसं कृष्णविवर: बनारस, पुणे आणि आता हिंगोली

भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याकडे ऑडिओ अडकत अडकत चालतो, म्हणून नेहमीसारखाच हा लिखित भाग. माईकसमोर बोललो तसंच ठेवलंय, फक्त आकडे आणि तारखा नीट लिहिल्या आहेत.

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. ज्या वस्तूतून उजेडच बाहेर येत नाही, ती वस्तू आपण समजतो तशीच आहे की नाही, हे तपासायचं कसं?

उन्हाळ्यात आपण माठ घ्यायला जातो तेव्हा काय करतो? उचलतो, टिचकी मारतो, कान लावतो. पक्का भाजलेला माठ खणकन वाजतो. तडा गेलेला असेल तर आवाज बसका येतो. तडा डोळ्याला दिसत नाही, पण कानाला कळतो. गेली दहा वर्षं शास्त्रज्ञ कृष्णविवरांची तपासणी अशीच करून राहिले आहेत. इथे टिचकी मारणारं असतं दुसरं कृष्णविवर, आणि आवाज म्हणजे गुरुत्वीय लहर.

पण माठाचा आवाज कसा असायला हवा हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. कृष्णविवराचा आवाज तर कोणी ऐकलाच नव्हता. मग तो कसा असेल हे कोणी आणि कधी ठरवलं? आजची गोष्ट या लोकांची आहे. ऐकायचं यंत्र नव्हतं तेव्हा त्यांनी आवाज लिहून ठेवला. आणि त्यात आपली मराठी माणसं बरीच आहेत.

बनारसमधले कोल्हापूरकर

१९१५ साली आइन्स्टाईननं सामान्य सापेक्षतावाद मांडला. थोडक्यात सांगायचं तर, वस्तुमान असलं की त्याच्या आसपासचं अवकाश-काळ वाकतं, आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्डचं उत्तर छापून आलं: गोल, न फिरणाऱ्या वस्तूभोवती हे वाकणं किती असेल. आज आपण ज्याला कृष्णविवर म्हणतो त्याचं गणित तिथून सुरू होतं. गुरुत्वीय लहरींचं भाकीतही १९१६ चंच. पण पुढची कित्येक वर्षं जगभरात या विषयाकडे फार कोणी वळलं नाही. गणित कठीण, आणि प्रयोग करायला जागाच नाही.

अशा काळात बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते विष्णू वासुदेव नारळीकर. मूळचे कोल्हापूरचे, केंब्रिजला शिकून आलेले. सापेक्षतावादावर काम करणारा भारतातला एक पहिलावहिला गट त्यांनी उभा केला. त्यांच्याकडे काम करायला गुजरातमधून प्रल्हाद चुनीलाल वैद्य आले. १९४३ मध्ये वैद्यांनी एक प्रश्न सोडवला: तारा प्रकाश फेकत असेल, म्हणजे त्याचं वस्तुमान कमी होत असेल, तर त्याच्या बाहेरचं गुरुत्वाकर्षण कसं बदलेल? हे उत्तर आज 'वैद्य मेट्रिक' या नावानं जगभर शिकवतात. वस्तुमान बदलत असलेल्या कृष्णविवराचा हिशेब करायला आजही ते वापरतात.

पुढे १९५५ मध्ये कोलकात्यात अमलकुमार रायचौधुरींनी एक समीकरण मांडलं. गुरुत्वाकर्षण प्रकाशकिरणांना आणि वस्तूंच्या वाटांना एकमेकांकडे कसं ओढत नेतं, ते त्यात आहे. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळानं पुन्हा लागणार आहे.

घंटेला माहीत नसतं कोणी वाजवली

आता १९७०. अमेरिकेत बंगळूरचा एक तरुण संशोधन करत होता, सी. व्ही. विश्वेश्वर. त्यांचा पहिला प्रश्न: कृष्णविवराला धक्का दिला तर ते टिकेल का, की मोडून पडेल? गणित म्हणालं, टिकेल. मग दुसरा प्रश्न: धक्का बसल्यावर ते शांत कसं होईल? त्यांनी कागदावरच्या कृष्णविवरावर लहरींचा एक छोटा झोत सोडला आणि परत काय येतं ते कॉम्प्युटरवर काढलं. परत आली एक थरथर. ठरावीक सुराची, भराभर विरत जाणारी.

चंद्रपूरच्या महाकाली मंदिरात यात्रेला लाखो लोक येतात आणि प्रत्येक जण घंटा वाजवतो. लहान पोर वाजवो की मोठा माणूस, आवाज कमी-जास्त होईल, पण सूर घंटेचाच. कृष्णविवराचंही तसंच. शिवाय घंटेचा सूर तिच्या धातूवर, जाडीवर, आकारावर ठरतो. कृष्णविवराच्या बाबतीत सापेक्षतावाद सांगतो की फक्त दोनच आकडे लागतात: त्याचं वस्तुमान आणि ते किती वेगानं फिरतं. आत तारा पडला की वायू, काही फरक नाही. दोन आकडे द्या, सूर मिळेल. सूर द्या, दोन आकडे मिळतील.

हे फार मोठं विधान आहे, आणि ते खोटं ठरू शकतं. कृष्णविवराच्या जागी दुसरीच काही विचित्र वस्तू असेल तर तिचा सूर वेगळा यायला पाहिजे. म्हणजे तपासणी कशी करायची ते १९७० मध्येच कळलं होतं. करायला यंत्र मात्र नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, स्टीफन हॉकिंगनं दुसरं विधान मांडलं. कृष्णविवराचा जो काठ, ज्याच्या आत गेलेलं परत येत नाही, त्याला क्षितिज म्हणतात. हॉकिंग म्हणाला, काहीही होवो, सगळ्या क्षितिजांचं मिळून क्षेत्रफळ कधीच कमी होणार नाही. या सिद्धतेच्या मुळाशी रायचौधुरींचं समीकरण आहे. (पुंज भौतिकीमुळे कृष्णविवर अतिशय सावकाश झिजतं असं हॉकिंगनंच नंतर दाखवलं. पण ताऱ्यांच्या आकाराच्या कृष्णविवरांत तो परिणाम इतका नगण्य आहे की इथे सोडून देऊ.)

पुणे, १९९१: नमुन्यांचं काम

१९८८ मध्ये पुण्यात आयुका सुरू झाली. संस्थापक संचालक जयंत नारळीकर, म्हणजे बनारसच्या नारळीकरांचे चिरंजीव. २० मे २०२५ ला ते गेले. ते स्वतः महास्फोट सिद्धांताच्या विरोधात आयुष्यभर उभे राहिले, आणि त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेत तो सिद्धांत मानणारे लोकही निवांत काम करत राहिले. सिद्धांत कोणाचा आहे हे न बघता तपासायचा, ही सवय संस्थेला अशीच लागते.

आयुकात संजीव धुरंधर गुरुत्वीय लहरींवर काम करायला लागले. त्या वेळी लायगो ही अमेरिकेतली वेधशाळा कागदावरच होती. धुरंधरांसमोरचा प्रश्न मला कोड लिहिणारा माणूस म्हणून फार जवळचा वाटतो. यंत्रातून येणार सगळा गोंगाट, आणि त्या गोंगाटापेक्षाही बारीक असा आपला सिग्नल. तो शोधायचा कसा?

तुम्ही गर्दीच्या हॉटेलात मोबाईलवर गाणं ओळखणारं अ‍ॅप लावता ना? कपबशांचा आवाज, गप्पा, बाहेरची एसटी, सगळं असूनही ते गाणं ओळखतं, कारण त्याच्याकडे गाण्यांचे नमुने आधीच साठवलेले असतात. अ‍ॅपची आतली पद्धत वेगळी आहे, पण कल्पना हीच. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा सूर चढत चढत जातो. तो कसा चढेल हे दोघांच्या वस्तुमानावर ठरतं. मग वेगवेगळ्या वस्तुमानांसाठी नमुने तयार करायचे आणि एकेक नमुना यंत्राच्या आकड्यांवर सरकवत जुळवून बघायचा.

इथे खरी अडचण येते. वस्तुमानांच्या जोड्या तर अगणित आहेत. नमुने फार दूर दूर ठेवले तर सिग्नल मधल्या फटीतून निसटणार. फार जवळ ठेवले तर कॉम्प्युटरला हिशेब झेपणार नाही. १९९१ मध्ये बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन निबंध लिहिला: नमुने कसे निवडायचे, किती अंतरावर ठेवायचे. आज जगभरात वापरतात त्या 'टेम्प्लेट बँके'च्या पायाभरणीत हे काम आहे.

नमुना अचूक हवा तर आधी आइन्स्टाईनची समीकरणं अचूक सोडवावी लागतात. ते काम बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतले बाला अय्यर फ्रेंच आणि अमेरिकन सहकाऱ्यांसोबत करत होते. १९९१ पासून पहिला सिग्नल यायला २४ वर्षं लागली. एवढा काळ हे लोक असा नमुना घासूनपुसून ठेवत होते, जो जुळवायला समोर काहीच नव्हतं.

दुपारचे ३ वाजून २० मिनिटं

१४ सप्टेंबर २०१५. भारतात दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्या दोन्ही यंत्रांनी काही मिलिसेकंदांच्या फरकानं तोच सूर टिपला. जेमतेम ०.२ सेकंदाचा. साधारण ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षं दूर एकमेकांत मिसळली होती. उरलं ६२ सूर्यांचं एक. मधले ३ सूर्य लहरींच्या ऊर्जेत गेले.

यंत्र म्हणजे काटकोनात ठेवलेल्या ४ किलोमीटरच्या दोन नळ्या आणि त्यांतून जाणारा लेझर. लहर गेली की एक नळी कणभर ताणते, दुसरी आखडते. किती? अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही शेकडो पटींनी कमी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या दिवशी हा सिग्नल पहिल्यांदा पकडला तो नमुने न वापरणाऱ्या प्रोग्रॅमनं. सिग्नल तेवढा ठसठशीत होता. नमुना जुळवून बघितल्यावर मात्र हिशेब पक्का झाला: नुसत्या गोंगाटातून योगायोगानं असं काही दिसायला २ लाखांहून जास्त वर्षं वाट बघावी लागेल. नंतर आलेले बरेचसे सिग्नल बारीक होते. ते नमुन्यांशिवाय हाती लागले नसते.

११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर घोषणा झाली. विश्वेश्वरांनी १९७० मध्ये काढलेली विरत जाणारी थरथर शेवटच्या टोकाला दिसत होती, साधारण २५० हर्ट्झवर. हार्मोनियमवर पांढरी एकच्या थोडं खाली. विश्वेश्वरांनी ही बातमी बघितली. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, ते गेले.

तपासणी कशी करतात?

पहिली तपासणी बंगळूरच्या आयसीटीएस संस्थेतल्या परमेश्वरन अजित यांच्या गटानं सहकाऱ्यांसोबत विकसित केली. सिग्नलचे दोन तुकडे करा. पहिला तुकडा, जेव्हा कृष्णविवरं अजून वेगळी आहेत. त्यावरून भाकीत करा की मिसळल्यावर उरणाऱ्याचं वस्तुमान आणि फिरणं किती असेल. मग दुसरा तुकडा घ्या, मिसळल्यानंतरचा, आणि त्यावरून तेच दोन आकडे स्वतंत्रपणे काढा. जुळले तर सिद्धांत पास, नाही जुळले तर नापास. पास झाला.

दुसरी तपासणी सुरांची. घंटेला एकच सूर नसतो, मुख्य सुरासोबत बाकीचेही असतात. कृष्णविवराचे दोन सूर ऐकू आले, तर पहिल्यावरून दोन आकडे काढायचे. मग दुसरा सूर कुठे असायला हवा ते गणित आधीच सांगतं, तिथे हालचालीला जागा नाही. २०१५ च्या सिग्नलमध्ये दुसरा सूर स्पष्ट आहे की नाही यावर शास्त्रज्ञांत बरेच वाद झाले.

तिसरी तपासणी हॉकिंगची. २०१५ चा सिग्नल कळल्यावर हॉकिंगनं लायगोचे एक संस्थापक किप थॉर्न यांना फोन करून विचारलं होतं, माझं क्षेत्रफळाचं विधान यावरून तपासता येईल का? तेव्हा ते जमलं नाही. हॉकिंग २०१८ मध्ये गेला. २०२१ मध्ये त्याच जुन्या सिग्नलचा नव्यानं अभ्यास करून उत्तर आलं: हो, ९५ टक्के खात्री.

मग १४ जानेवारी २०२५ ला दुसरा सिग्नल आला. कृष्णविवरं जवळपास तशीच, ३३ आणि ३२ सूर्यांच्या आसपासची, अंतरही साधारण तेवढंच. पण दहा वर्षांत यंत्राचा गोंगाट इतका कमी झाला होता की सिग्नल तिप्पट स्पष्ट आला. त्यात दोन सूर मिळाले, आणि दुसरा जिथे असायला हवा तिथेच होता. क्षेत्रफळाची खात्री ९९.९९९ टक्क्यांवर गेली. १० सप्टेंबर २०२५ ला हे छापून आलं.

क्षेत्रफळाचे आकडे आपल्या नकाशावर ठेवून बघा. मिसळण्याआधी दोन्ही क्षितिजांचं मिळून साधारण २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून २५ हजार ८०० च्या आसपास, म्हणजे त्याच्या नऊ पटींहून थोडं जास्त. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा लहान. मिसळल्यानंतर साधारण ४ लाख. म्हणजे अख्खा महाराष्ट्र आणि वर अजून एक विदर्भ!

आता तुम्ही म्हणाल, वस्तुमान तर घटलं, मग क्षेत्रफळ वाढलं कसं? वस्तुमान दुप्पट झालं की त्रिज्या दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. दोन सारखी कृष्णविवरं एकत्र आली तर २ चं ४ व्हायला हवं. ऊर्जा बाहेर गेली आणि नवं कृष्णविवर गरगर फिरतं, म्हणून ४ पर्यंत पोहोचत नाही. पण २ च्या खाली येत नाही. हॉकिंगचं म्हणणं एवढंच होतं.

इथे अजून एक मराठी नाव. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर. हॉकिंगचं क्षितिज नेमकं कुठे आहे हे ठरवायला विश्वाचा पुढचा सगळा इतिहास माहीत असावा लागतो, जो कोणालाच माहीत नसतो. २००२ मध्ये अष्टेकर आणि बद्री कृष्णन यांनी, आत्ता या क्षणी मोजता येईल अशा वाढत्या क्षितिजाचं गणित मांडलं. किती ऊर्जा आत पडली की क्षेत्रफळ किती वाढेल, असा थेट हिशेब.

हिंगोलीत काय होणार आहे?

सिग्नलची घोषणा झाली आणि सहाच दिवसांत, १७ फेब्रुवारी २०१६ ला, केंद्र सरकारनं लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये आली, २,६०० कोटी रुपयांची. जागा: हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ. विदर्भाला लागूनच.

तिथेच का? एक कारण म्हणजे शांत जमीन. चंद्रपुरात माझ्या घरी खाणीतलं ब्लास्टिंग झालं की खिडकीच्या काचा थरथरतात. अशा जमिनीवर हे यंत्र चालवणं महाकठीण. गडचिरोलीच्या लोकांना अजून एक गोष्ट पटेल. लिव्हिंग्स्टनचं यंत्र झाडांच्या जंगलात आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत आसपासच्या लाकूडतोडीमुळे ते दिवसा धड चालायचंच नाही. शेवटी यंत्राखाली धक्के शोषणारी नवी व्यवस्था बसवावी लागली.

आणि हिंगोलीचं यंत्र फक्त अजून एक नग नाही. गुरुत्वीय लहर अवकाशाला कशी ताणते-दाबते याचे सापेक्षतावादात दोनच प्रकार आहेत. बाकीच्या काही सिद्धांतांत जास्त प्रकार चालतात. अमेरिकेतली दोन्ही यंत्रं जवळपास एकाच दिशेनं ठेवलेली आहेत, त्यामुळे दोघांना साधारण एकच बाजू ऐकू येते. १४ ऑगस्ट २०१७ ला इटलीतलं व्हर्गो सोबत आलं तेव्हा ही तपासणी पहिल्यांदा जमली. पृथ्वीच्या वेगळ्या भागात, वेगळ्या कोनात ठेवलेला कान जितका वाढेल, तितकी आइन्स्टाईनची परीक्षा कडक होईल. म्हणजे तो कुठे चुकत असेल तर ते सापडायची एक शक्यता औंढा नागनाथला आहे.

तुमच्या हातात काय आहे?

आजवरच्या सगळ्या तपासण्यांत आइन्स्टाईन पास झालाय. पण आपल्याला माहीत आहे की कृष्णविवराच्या अगदी आत त्याचं गणित कोलमडतं. म्हणजे कुठेतरी तडा आहे. तो बाहेरून ऐकू येतो का, हा प्रश्न अजून उघडा आहे. आणि तो सोडवायला लागणारा डेटा कुलुपात नाही.

लायगोचे सिग्नल सगळ्यांसाठी मोफत आहेत. गुरुत्वीय लहरींच्या खुल्या डेटाच्या साईटवर १४ सप्टेंबर २०१५ ची ३२ सेकंदांची फाईल मिळते. सेकंदाला ४,०९६ नोंदी, म्हणजे एकूण १ लाख ३१ हजार आकडे. एका मराठी गाण्यापेक्षा लहान फाईल, रेंज आली की लगेच उतरते. सोबत पायथनचे धडेही आहेत, ब्राऊझरमध्ये चालणारे, लॅपटॉप नसेल तर मित्राचा एक तास घ्या. मी चालवून बघितलं. आलेख आधी नुसता खरखरीत जाड पट्टा दिसतो. गोंगाट गाळला, नमुना सरकवला, की एका जागी टोक वर येतं. धुरंधर १९९१ मध्ये ज्याची तयारी करत होते ते हे टोक.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'लायगो-इंडिया: हिंगोली' अशी एक ओळ येते आणि आपण ती पाठ करून पुढे जातो. या वेळी पाठ करू नका, फाईल उतरवून बघा. ते यंत्र सुरू होईल तेव्हा आज बारावीत असलेले पोट्टे कामाला लागायच्या वयाचे असतील. तिथे लेझर सांभाळायला, व्हॅक्यूम बघायला, कोड लिहायला माणसं लागणारच आहेत.

टोक दिसलं तर स्क्रीनशॉट पाठवा, नाही दिसलं तर कोड पाठवा, पुढच्या भागात सोबत दुरुस्त करू. भेटू मग. तोवर, माठ वाजवून घ्या!